तुरुंगात न्यायची पिशवी

माझा चांगला टॉवेल सापडेना म्हणून मी पलंगाखाली वाकले, तर तिथं एक कापडी पिशवी. आत माझा टॉवेल, ह्यांचे दोन लेंगे-सदरे, दाढीचं सामान, बीपीच्या गोळ्या, कानटोपी आणि जपाची माळ. डिसेंबर अर्धा सरत आलेला, बाहेर धुकं एवढं की समोरच्या घराचा जिना दिसत नव्हता, आणि आमचे हे कुठं निघालेत याचा मला पत्ता नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला न सांगता कोपऱ्यावर ब्रेड आणायलासुद्धा गेलेले नाहीत.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

हे हीटरपुढे बसले होते. पिशवी बघितली आणि चेहरा खर्रकन उतरला. म्हणाले, "कुठं नाही. न्यायला आले तर असू दे म्हणून भरली."

"कोण येतंय न्यायला?"

"पोलीस."

मला आधी हसू आलं. मग ह्यांच्याकडे नीट बघितलं. हीटर ढणढणत होता आणि ह्यांचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं.

आमचे हे म्हणजे वामन तासगावकर. केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढायचे. सांगलीकडून चंदीगडला तीन वर्षांसाठी बदली झाली, आणि वरिष्ठ ह्यांच्या कामावर इतके खूश की सोडेचनात. रिटायर झाले तेव्हा परत जायला गावाकडे काही उरलं नव्हतं. आता बावीस सेक्टरात वरच्या मजल्यावर राहतो. मुलगा अंशुमन बंगळूरला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

स्वभाव म्हणाल तर एका शब्दात सांगते, भित्रा. मी बायको आहे, मी बोलू शकते. लाइटचं बिल आलं की त्याच दिवशी भरायचं. सिग्नल हिरवा असला तरी दोन्हीकडे बघून, देवाचं नाव घेऊन मग रस्ता ओलांडायचा. सतरा सेक्टराच्या चौकात ट्रॅफिक पोलीस दिसला की पायी चाललेला हा माणूस लायसनसाठी खिसे चाचपतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या घरी भाड्यानं राहतो असं मी नेहमी म्हणायची.

पण ह्या भित्रेपणानंच ह्यांना मान मिळवून दिला. इथला मराठी माणूस म्हणजे बदलीचा माणूस. फौजेतले, एअरफोर्सवाले, बँकवाले. येतात, निम्मं सामान खोक्यातच ठेवतात, कारण दोन-तीन वर्षांत पुन्हा बांधायचंच असतं. त्यामुळे आमच्या 'शिवालिक मराठी परिवार' या मंडळाचा अध्यक्ष बदलतो, सेक्रेटरी बदलतो, गणपतीपुढे लेझीम खेळणारी पोरं बदलतात. खजिनदार तेवढा बदलत नाही. गेली वीस वर्षं तो एकच. एक कर्नलसाहेब जाताना म्हणाले होते, "वहिनी, भित्रा खजिनदार मिळायला भाग्य लागतं." लोक वर्गणी द्यायचे आणि पावतीसाठी थांबायचेसुद्धा नाहीत. "काकांकडे दिले ना, मग झालं." हे वाक्य ऐकलं की आमच्या ह्यांची छाती इंचभर पुढे यायची. पेन्शनीपेक्षा ते वाक्य ह्यांना जास्त पुरायचं.

मंडळ गणपती बसवतं, तसंच रक्तदान शिबिर घेतं, गरीब मुलांच्या फिया भरतं. म्हणून मंडळाला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सूट मिळायची. ऑफिसात पुरावे द्यायची वेळ आली, रिटर्न भरायची वेळ आली, की फोन सुरू. "काका, पावती पाठवता का?" मग हे नकाशे काढायच्या त्या सुरेख अक्षरात पावत्या लिहीत बसायचे आणि प्रत्येकीवर सूट मिळत असल्याचा शिक्का मारायचे. तो शिक्का ह्यांना आधीच्या खजिनदाराकडून गणपतीच्या पेटीसोबत आला होता. समई, ताम्हण, चौरंग, शिक्का आणि नोंदणीचा सरकारी कागद. तो कागद ह्यांनी लॅमिनेट करून घेतला. दर वर्षी मखरात मूर्तीच्या मागे उभा करायचे आणि त्यालाही अक्षता वाहायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सरकारी कागद आहे तो, कांचन." अक्षता सगळ्यांनी वाहिल्या, वाचला मात्र कुणीच नाही.

घोळ झाला तो असा. रेवा म्हणून एक मुलगी, बँकेत अधिकारी, दोन वर्षांपूर्वी इथून गुवाहाटीला बदलून गेली. तरी वर्गणी न चुकता पाठवते. तिचा फोन आला की आयकर खात्याचा मेसेज आलाय, तुम्ही ज्या देणगीवर सूट घेतली ती आमच्या नोंदीत दिसत नाही, तपासून एकतीस डिसेंबरच्या आत रिटर्न दुरुस्त करा. "काका, मंडळाची नोंदणी चालू आहे ना?"

"आहे तर," हे म्हणाले. "लॅमिनेट केलीय."

एवढं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी नियम बदलला होता. सगळ्या संस्थांनी जुनी नोंदणी नव्यानं करून घ्यायची आणि कुणी किती देणगी दिली ते दर वर्षी खात्याला कळवायचं. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. म्हणजे लॅमिनेशनच्या आतला कागद केव्हाच निरुपयोगी झाला होता आणि हे त्याच्या जोरावर शिक्के मारत राहिले होते.

रेवाचा फोन झाल्यापासून आठवडाभर हे गप्प. मला वाटलं पोट बिघडलंय. बेल वाजली की उठून बाथरूममध्ये जायचे आणि कडी लावायचे. गॅसवाला आला, कुरियरवाला आला, खालची सरदारीण गाजराचा हलवा घेऊन आली, तिघांच्या वेळी हे बाथरूममध्ये. मी हिंग-ओवा देत राहिले.

आता पिशवी सापडल्यावर सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय मी फुगडी घालतेय?"

घाबरले होते, खरं सांगते. ह्यांनी उशीखालून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून दिलं. देणग्यांच्या खोट्या पावत्या विकणाऱ्या दलालांवर छापे, अशी बातमी होती. हे म्हणाले, "मीही तेच केलं, कांचन. खोट्या पावत्या दिल्या. कमिशन तेवढं घेतलं नाही." ह्या थंडीत, परक्या मुलखात, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला उचलून नेलं तर मी कुणाच्या दारात जाणार? अंशुमनला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "पापा, रिलॅक्स, कुछ नहीं होगा." त्याला काय जातंय रिलॅक्स म्हणायला.

मी म्हटलं, आधी हे तर कळू दे की खात्यानं कळवलं कसं नाही. तर कळवलं होतं. नियम बदलला तेव्हा अंबरीश सेक्रेटरी होता, हुशार मुलगा. त्यानं मंडळाच्या नावानं ईमेल उघडला आणि खात्याला तो पत्ता दिला. पुढे त्याची विशाखापट्टणमला बदली झाली आणि ईमेलचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी फोन केल्यावर बिचाऱ्यानं खटपट करून तो उघडला आणि आम्हाला फोटो पाठवला. खात्याची एकाखाली एक स्मरणपत्रं, एकही उघडलेलं नाही. "सॉरी काका, मला वाटलं तुम्ही बघताय," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं तुम्ही," हे म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता.

मी दोन दिवस बघितलं. हे जेवेनात, झोपेनात. शेवटी म्हटलं, पोलिसांची वाट बघत बसण्यापेक्षा आपण होऊन जाऊ. सतरा सेक्टरातल्या आयकर कार्यालयात जायचं ठरवलं. हे निघाले ते पिशवी घेऊन. मी म्हटलं ठेवा ती. ऐकेनात. ऑटोत मांडीवर धरून बसले होते, लेकरू धरावं तशी.

दारावर तपासणी. पंजाबी सिक्युरिटीवाल्यानं पिशवीतून एकेक वस्तू बाहेर काढली. कानटोपी, ब्रश, माळ. "बाबाजी, कित्थे चल्ले?" कुठं निघालात, असं त्यानं हसून विचारलं.

"मालूम नहीं," आमचे हे म्हणाले. खरंच बोलले.

आत एक अधिकारी बाई होत्या, आमच्या अंशुमनच्याच वयाच्या. हे उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. टेबलावर लॅमिनेट केलेला कागद ठेवला, पावती ठेवली, शिक्का ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी पावती उलटसुलट बघितली. "पैसा कहाँ गया?" त्यांनी विचारलं. ह्यांनी हिशेब पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ चाळला.

"इसमें से आपने कुछ लिया?"

ह्यांनी हिशेब पुन्हा बाईंपुढे सरकवला. डोळे भरले. मग मीच म्हटलं, "मॅडम, मंडल की मीटिंग में चाय भी हमारे घर से जाती है." माझा आवाज जरा चढला असेल. चढू दे.

बाई म्हणाल्या, पैसे नीट खर्च झालेत हे दिसतंय, पण चूक ती चूक. हा शिक्का आजपासून बंद. झाला प्रकार लेखी द्या, नोंदणीसाठी नव्यानं अर्ज करा. खात्याकडून नोटीस येऊही शकते, आली तर उत्तर द्या. "आपको जेल कोई नहीं भेज रहा, अंकलजी. पर सबसे पहले उन लोगों को बताइए जिनको आपने रसीद दी है." ज्यांनी ह्या वर्षी सूट घेतली त्यांनी एकतीसच्या आत रिटर्न दुरुस्त केलं तर थोडक्यात सुटतील. मागच्या वर्षांचं थोडे जास्त पैसे भरून दुरुस्त करता येईल. न सांगता बसलात आणि त्यांना नोटिसा गेल्या, तर ते निस्तरणं अवघड.

बाहेर आलो तर धुकं फाटून ऊन पडलं होतं. समोरच्या बाजाराच्या मोकळ्या प्लाझात बाकावर बसलो, मी दोन चहा आणले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. ह्यांच्याकडे बघितलं तर हे आधीपेक्षा पांढरे.

"आता काय झालं? तुरुंग टळला ना?"

"तुरुंगात एकटा गेलो असतो," हे म्हणाले. "आता एकेकाच्या घरात जाऊन सांगायचं. तुरुंग बरा होता."

चहा तसाच गार झाला. तेव्हा मला कळलं की हा माणूस पोलिसांना भीत होता ते वरवरचं. खरी भीती होती ती लोकांच्या तोंडून ते एक वाक्य जाण्याची. काकांकडे दिले ना, मग झालं. त्याशिवाय ह्या गावात आमचं होतं काय?

दुसऱ्या दिवसापासून फोन. काय बोलायचं ते ह्यांनी कागदावर लिहून काढलं आणि समोर ठेवलं. "नमस्कार. मी वामन तासगावकर. माझ्या हातून चूक झाली आहे." फोन लावण्याआधी घोटभर पाणी प्यायचे, समोरच्यानं उचलला नाही तर सुटल्यासारखा श्वास सोडायचे आणि लगेच पुन्हा लावायचे. जोधपूर, तेजपूर, पुणे, कोची. बहुतेक जण चांगलं बोलले. काही म्हणाले, एवढंच ना काका, करून टाकतो. एकानं अर्धा तास कायदा शिकवला. एकीनं बोलणं मध्येच तोडून फोन ठेवला. त्यानंतर हे गॅलरीत जाऊन उभे राहिले, स्वेटर न घालता. मी ओढून आत आणलं.

निशांतला मात्र शेवटी ठेवलं. निशांत एअरफोर्समध्ये, अजून इथंच आहे. त्याची बायको बाळंतीण झाली तेव्हा विमान रद्द होऊन तिची आई तिकडेच अडकली होती, तर दोन दिवस डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर माझ्या घरून गेली. त्याचं प्रमोशन तोंडावर आलेलं. अशा वेळी चुकीच्या रिटर्नची नोटीस आली तर काय होईल, या विचारानं ह्यांची गाळण उडाली होती. मी म्हटलं, लावा आता, तारीख कुणासाठी थांबत नाही.

ह्यांनी कागद वाचला. स्पीकरवर त्याच्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग निशांत म्हणाला, "काका, मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता." आणि ठेवला फोन.

रिटर्न त्यानं दुरुस्त केलं, एवढं दोन शब्दांच्या मेसेजनं कळवलं. सगळ्यांचीच एकतीसच्या आत झाली, ह्या वर्षापुरती. मला वाटलं आता हे निजतील. कुठलं काय. पलंगाखाली पिशवी तशीच होती. "नोटीस यायची आहे," हे म्हणायचे. आणि त्याहून मोठी भीती पुढे उभी होती, संक्रांतीची. आमच्या मंडळाची वर्षाची वर्गणी तिळगुळाच्या कार्यक्रमात गोळा होते. "कुणी येणार नाही," हे रोज सकाळी उठल्या उठल्या म्हणायचे. मी वैतागून म्हणायची, "न येऊ देत. लाडू आपण खाऊ." मनात मात्र मीही धास्तावले होते.

लोक आले. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बायका काळ्या साड्यांवर जाड जाड स्वेटर घालून, पोरं धावताहेत. तिळगूळ वाटायच्या आधी हे पुढे जाऊन उभे राहिले. माइक या हातातून त्या हातात घेतला. मी हळदी-कुंकवाचं तबक घट्ट धरून उभी. मग एकदाचे बोलले. चूक माझी आहे, शिक्का मी फोडून टाकला आहे, नव्या नोंदणीचा अर्ज केला आहे, ती मिळेपर्यंत देणगीवर कुणाला सूट मिळणार नाही, आणि तुम्ही दुसरा खजिनदार बघावा. दुसरा कोण बघणार? सगळेच आज ना उद्या खोकी बांधणारे. कुणीतरी म्हणालं, "बघू काका, बसा," आणि तिळगूळ सुरू झाला.

हे कोपऱ्यातल्या टेबलाशी नवं पावतीपुस्तक घेऊन बसले. प्रत्येक पावतीवर ह्यांनी आधीच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, आयकरात सूट नाही. बराच वेळ टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. मी कुंकू लावत होते, पण नजर तिकडेच. हे पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते. त्या क्षणी मला ह्यांचा इतका कळवळा आला की तबक टाकून स्वतःच जाऊन वर्गणी भरावी असं वाटलं.

मग निशांत आला. पैसे टेबलावर ठेवले.

"यावर सूट मिळत नाही," हे खाली बघून म्हणाले.

"माहीत आहे. पावती द्या."

ह्यांनी लिहिली. निशांतनं ती घेतली आणि तिथंच उभं राहून वाचली. नाव, रक्कम, तारीख. उलटी करून मागची बाजू बघितली. मग विचारलं, "नोंदणीच्या अर्जाची पोच आहे?"

"आहे."

"दाखवा."

ह्यांनी काढून दिली. त्यानं तीही वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मान हलवली, पावती खिशात घातली आणि गेला. त्याचं बघून बाकीचे आले, आणि प्रत्येकानं पावती घेऊन वाचली. ज्या माणसाची पावती वीस वर्षं कुणी वाचून घेतली नाही, त्याच्यासमोर माणसं उभी राहून तपासत होती. ते वाक्य कुणाच्याही तोंडून आलं नाही. माझं मस्तक तापलं होतं. हातात हळद-कुंकू नसतं तर मी त्या निशांतला डिंकाच्या लाडवांची आठवण करून दिली असती.

घरी येईपर्यंत मी ऑटोत धुमसत होते. जिना चढल्यावर राहवलं नाही. "चोर असल्यासारखे तपासत होते. तुम्हाला काही वाटत नाही?"

हे स्वेटर काढत होते. बऱ्याच दिवसांनी चेहरा मोकळा दिसला. म्हणाले, "बरं झालं त्यानं वाचली. लोक डोळे मिटून पैसे द्यायचे ना, कांचन, त्याचंच मला वीस वर्षं भय वाटत होतं. कुणीच बघत नाही म्हटल्यावर सगळं माझ्या एकट्यावर. आज पहिल्यांदा कुणी डोळे उघडे ठेवून दिले, आणि तरी दिले."

ज्या वाक्यावर हा माणूस जगतो असं मी समजत होते, त्याच वाक्यापायी त्याला इतकी वर्षं झोप नव्हती, आणि मला शेजारी निजून ते कळलं नव्हतं.

हे पलंगाखाली वाकले, पिशवी ओढली, आतून माझा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. बाकीची पिशवी मात्र तशीच परत आत सरकवली.